डावीकडचा स्पीकर

“अजून वाढवायला सांगतायत. आता शेजारचा चष्मेवाला येईल भांडायला.”

दुकानातला सेल्समन हे त्याच्या जोडीदाराला म्हणाला. दबक्या आवाजात म्हणाला खरा, पण बाबा त्याच्यापासून हातभर अंतरावर बसले होते, माझ्यापेक्षा जवळ. तो त्यांच्या डाव्या बाजूला उभा होता. बाबांनी मान वर केली नाही. मांडीवरच्या माहितीपत्रकाची पानं ते उलटत राहिले आणि समोरच्या पडद्यावर एक हेलिकॉप्टर घिरट्या घालत राहिलं. मी ऐकलं हे सेल्समनच्या लक्षात आलं आणि तो ओशाळला. मी दुसरीकडे बघितलं. खरं तर मी ओशाळायला हवं होतं. बाबांनी ते का ऐकलं नाही, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

बाबांना डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. कधीपासून ते मला सांगता येणार नाही. मला कळून तेव्हा चार महिने झाले होते.

कळलं ते असं. मी ठाण्यात एका विमा कंपनीच्या ऑफिसात काम करते, लोकांचे दवाखान्याचे कागद तपासते. तिथली नोकरी सोडून पुढे शिकावं असं माझ्या मनात होतं आणि हे बाबांना सांगायला मला दोन आठवडे लागले. वाक्यं मनात रचून ठेवली होती. एका रविवारी आम्ही दोघं डोंबिवलीत फडके रोडवरून भाजी घेऊन परत येत होतो, तेव्हा मी ती एका दमात बोलून टाकली. बाबा काहीच म्हणाले नाहीत. रागावले, असं मला वाटलं. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि खाली बघत चालत राहिले. गणपतीच्या देवळापाशी पोचल्यावर त्यांनी विचारलं, “काय गं, आज अगदीच गप्प?”

आणि मग ते माझ्या दुसऱ्या बाजूला आले. सहज, रस्त्यावरची गर्दी चुकवल्यासारखे. मी त्यांच्या उजवीकडे झाले.

ती वाक्यं मी परत बोलले नाही. पण त्या दिवसापासून मी बघायला लागले. फोन वाजला की बाबा डाव्या हाताने उचलायचे आणि उजव्या कानाला लावायचे, हात छातीवरून आडवा नेऊन. सोफ्यावरची त्यांची जागा बदलली होती. पूर्वी ते मधोमध बसायचे, आता डाव्या टोकाला. आईने विचारलं तर म्हणाले, इथे पंख्याचं वारं लागतं. टीव्हीचा आवाज आधी अठरावर असायचा, तो एकेक करत छत्तीसवर गेला होता. कोणी मागून हाक मारली की ते आधी उजवीकडे वळायचे. हाक कुठूनही आलेली असो.

आईलाही हे सगळं दिसत होतं. पण आईकडे त्याचा अर्थ तयार होता. “यांना ऐकायचंच नसतं,” ती म्हणायची. माझ्या आठवणीपासून ती हेच म्हणत आली आहे. गॅस संपलाय, सोसायटीची मीटिंग आहे, मामाला फोन करा, बाबा वर्तमानपत्रात डोकं घालून बसलेले आणि आई स्वयंपाकघरातून, “बहिरे झालात का हो?” त्यावर बाबा म्हणायचे, “लग्नानंतर सगळेच होतात.” आमच्या घरातला हा जुना विनोद. आता विनोद तोच होता, उत्तर तेच होतं, फक्त बाबांचं उत्तर किंचित उशिरा यायचं. ते आईच्या ओठांकडे बघून मग हसायचे.

मी त्या वेळी त्यांना सांगायला हवं होतं. सांगणं कठीण का होतं, हे लिहितानाही मला नीट मांडता येत नाही. ऑफिसात माझ्यासमोर रोज कानाचे कागद येतात. कुठल्या कानाला किती कमी ऐकू येतं, त्याचा आलेख, डॉक्टरांची सही. इंग्रजीत ते दोन शब्दांत लिहिलेलं असतं आणि वाचताना मला काही होत नाही. मी इंग्रजी शाळेत शिकले. वर्गात मराठी बोललं की बाई बाकावर उभं करायच्या आणि घरी आलं की मामा माझ्या मराठीची नक्कल करायचा. मी दोन्हीकडे कमी बोलायला शिकले. त्यामुळे अशा गोष्टीसाठी माझ्याकडे घरचा शब्द नव्हता. एकच होता, आणि तो आई रोज स्वयंपाकघरातून ओरडत होती. बाबांना मी तो कसा म्हणणार होते?

काही केलंच नाही असं नाही. फ्रिजवर लोहचुंबकाखाली कानाच्या डॉक्टरांचं कार्ड लावून ठेवलं. आईने ते दोन दिवसांनी गॅसवाल्याचा नंबर लिहायला वापरलं. मग ऑफिसकडून मिळणारी संपूर्ण शरीराची तपासणी बाबांच्या नावाने घेतली, मोठ्या आशेने. रक्त झालं, साखर झाली, हृदयाचा कागद निघाला, डोळेसुद्धा तपासले. कान त्या पॅकेजमध्ये नव्हते. बाबा फाइल घेऊन खुशीत घरी आले आणि म्हणाले, “घ्या, अजून पंचवीस वर्षं काढतो.”

आणि याच दिवसांत त्यांनी होम थिएटरचा विषय काढला.

म्हणजे विषय जुनाच होता. आमची डोंबिवलीची जुनी बिल्डिंग पाडून नवी बांधली, तेव्हा आम्ही तीन वर्षं ठाकुर्लीला भाड्याने राहिलो. त्या घरात टीव्ही कपाटावर ठेवलेला होता आणि त्याच्या मागे भिंतीला ओल होती. त्या तीन वर्षांत बाबा एकच गोष्ट म्हणत आले, नव्या घरात पाच स्पीकर लावणार. बांधकाम चालू असतानाच त्यांनी कंत्राटदाराला गाठून हॉलच्या भिंतींतून पाइप टाकून घेतले. राहायला गेलो तेव्हा हॉलमध्ये फर्निचर यायच्या आधी पाच ठिकाणी भिंतीतून वायरी बाहेर आलेल्या होत्या. वास्तुशांतीला आलेला प्रत्येक माणूस विचारायचा, हे काय? बाबा सांगायचे. आईने एका वायरीला कॅलेंडर अडकवून ठेवलं होतं.

बाबा निवृत्त झाले, हातात वेळ आला आणि त्यांनी मनावर घेतलं. पाडव्याला आणायचं ठरलं. स्पीकर एका ओळखीच्याकडून आधीच मिळाले होते, पेटीबंद. राहिला होता रिसीव्हर. या सगळ्या वायरी ज्याच्यात जातात आणि कुठला आवाज कुठल्या कोपऱ्यात पाठवायचा ते जो ठरवतो, तो डबा. तो कुठला घ्यायचा, हे काम माझ्याकडे आलं. टिटवाळ्याहून मामा आला होता, त्याने सांगितलं, “फक्त वॅट बघ. जास्त वॅट, जास्त मजा.” बाबा म्हणाले, “ते सगळं इंग्रजीत असतं. ती बघेल.” माझ्या शिक्षणाचा घराला झालेला हा पहिला उपयोग असावा.

मी बघितलं. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तक्ता केला. किती चॅनल, म्हणजे किती स्पीकरला पुरेल, टीव्हीची वायर कुठल्या खाचेत जाईल, मोबाइलवरून चालेल का. परीक्षणं लिहिणारे लोक खोलीच्या कोपऱ्यांविषयी पानंच्या पानं लिहितात, आणि पाठीमागून माणूस जातोय असं वाटलं पाहिजे, डावीकडून गोळी आली तर मान डावीकडे वळली पाहिजे, असं लिहितात. मी ते वाचायचे आणि तक्त्यात अजून एक रकाना वाढवायचे. बोलण्याचा आवाज वेगळा करून वाढवता येतो का, हा रकाना मी कोणाला न सांगता घातला होता. मग एके दिवशी मी नेटवर विचारलंच, एका कानाने ऐकू येत असेल तर कुठला घ्यावा. कुठल्या तरी परदेशी माणसाने कोणाला तरी दिलेलं उत्तर सापडलं. त्याने लिहिलं होतं, एकही घेऊ नका. कुठला आवाज कुठून आला हे कळायला दोन कान लागतात. एक चांगला स्पीकर समोर ठेवा आणि बाकीचे विसरा.

मी ती खिडकी बंद केली. तक्ता मात्र पूर्ण केला, कारण बाबा रोज संध्याकाळी विचारत होते, कुठपर्यंत आलं.

तर असे आम्ही त्या शनिवारी ठाण्यात, नौपाड्यातल्या त्या दुकानात होतो. मागच्या बाजूला त्यांनी एक खोली केली होती, भिंतींना जाड कापड, जमिनीवर गालिचा, मधोमध तीन खुर्च्या. माझ्या तक्त्यातले दोन रिसीव्हर तिथे मांडलेले होते. पाच चॅनलवाला आणि सातवाला. बाबा मधल्या खुर्चीत, मी त्यांच्या उजवीकडच्या. मामा येऊ शकला नव्हता, पण दर दहा मिनिटांनी त्याचा मेसेज येत होता, वॅट विचारलेस का.

सेल्समन आवाज वाढवून दमला होता. मग त्याने हेलिकॉप्टर थांबवलं आणि म्हणाला, “काका, आपण एक गंमत करू. मी एकेका स्पीकरमधून आवाज सोडतो. तुम्ही डोळे मिटा आणि बोटाने दाखवा, कुठून आला. म्हणजे तुम्हालाच कळेल सेपरेशन काय असतं ते.”

आता कळेल, असं वाटलं, आणि लगेच त्याच्या मागोमाग, बरं झालं, कोणीतरी दुसऱ्याने कळवलं.

बाबांनी डोळे मिटले नाहीत. खुर्चीत थोडे तिरके झाले, माझ्याकडे तोंड करून, जणू पाठ अवघडली आहे. पहिला आवाज आला, फुस्स असा, कुकरची शिट्टी होण्याआधीचा असतो तसा. पुढच्या उजव्या कोपऱ्यातून. बाबांनी तिकडे बोट केलं. दुसरा मागून डावीकडून आला. बाबा क्षणभर थांबले आणि त्यांनी बरोबर मागे डावीकडे बोट केलं. तिसरा समोरून, चौथा डावीकडून, सगळे बरोबर. मला कळेना. मी चुकले का? चार महिने मी काहीतरी भलतंच मनात धरून बसले होते का? इतकं हलकं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

पाचव्या आवाजाच्या वेळी मी बाबांकडे बघत होते, म्हणून दिसलं. आवाज झाला, आणि बाबांनी बोट उचललंच नाही. ते माझ्या डोळ्यांकडे बघत होते. मी मागे उजवीकडे नजर टाकली, आपोआप, आवाज झाला की कोणीही टाकतो तशी. बाबांचं बोट माझ्या नजरेमागून गेलं.

सेल्समनने पुन्हा एकदा फेरी लावली. आता मला माहीत होतं. मी नजर खाली ठेवली असती तर तिथेच सगळं संपलं असतं. बाबांचा चेहरा अगदी शांत होता, परीक्षेत शेजाऱ्याच्या वहीत बघणाऱ्या मुलाचा असतो तितका शांत. डावीकडून आवाज आला. मी डावीकडे बघितलं. मागून आला, मागे बघितलं. थोडं जास्तच ठळकपणे बघितलं, हेही मी लिहिते. मान वळवून.

“काकांचे कान एकदम तयार आहेत,” सेल्समन म्हणाला.

बाबा हसले. मग त्यांनी सातवाला घेतला. पाइप पाचच होते, पण पुढेमागे दोन वाढवता येतील म्हणाले. परतताना रिक्षात ते माझ्या डावीकडे बसले आणि मला उजवीकडे बसवलं. संपूर्ण रस्ता त्या मशीनविषयीच बोलत होते. मध्येच म्हणाले, “तू होतीस म्हणून बरं झालं.” मी हो म्हटलं. ते कशाविषयी होतं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

पाडव्याला सकाळी गुढी उभारून झाल्यावर दुकानाचा माणूस आला. पन्नाशीचा, कल्याणचा, बारीक, खांद्याला कापडी पिशवी. आत येताना त्याने मोजे काढून बुटात नीट खोचून ठेवले. आईने रिसीव्हरला हळदकुंकू लावलं, मामाने नारळ फोडला आणि बाबांनी पेढा त्या माणसाच्या हातावर आधी ठेवला. मग त्याने कामाला सुरुवात केली. आईच्या कॅलेंडरमागची वायरसुद्धा त्याने जुळवली, कॅलेंडर न फाडता. दोन तास तो कोपऱ्याकोपऱ्यात गुडघ्यांवर होता आणि प्रत्येक स्पीकरपाशी मान कलती करून ऐकत होता.

रिसीव्हरबरोबर एक छोटा माइक येतो. आपण जिथे बसतो तिथे, कानाच्या उंचीवर तो ठेवायचा. मग मशीन एकेका स्पीकरमधून तोच फुस्स आवाज काढतं, माइकने ऐकतं आणि त्या जागेसाठी सगळे आवाज सारखे करून घेतं. त्या माणसाने विचारलं, साहेब नेहमी कुठे बसतात? बाबांनी सोफ्याचं डावं टोक दाखवलं. तो म्हणाला, मध्यावर ठेवू या का, सगळ्यांना बरं पडेल. बाबा म्हणाले, मी इथेच बसतो. मग सोफ्याच्या डाव्या टोकाला पुठ्ठ्याचा खोका, खोक्यावर आईचा पाट, पाटावर मसाल्याचा डबा आणि डब्यावर माइक, असं उभं केलं. खोलीत शांतता पाहिजे होती. पंखा बंद केला. मामाला खोकला येत होता, तो तोंडावर रुमाल धरून उभा राहिला. तीन स्पीकर झाले आणि आत कुकरची शिट्टी झाली. पडद्यावर इंग्रजीत ओळ आली आणि सगळे माझ्याकडे वळले. “आवाज आहे म्हणतोय,” मी सांगितलं. आई म्हणाली, “सणावाराला माझा कुकर बंद करायला लावणारं हे पहिलंच मशीन.” गॅस बंद झाला. परत पहिल्यापासून झालं आणि या वेळी मशीनचं समाधान झालं.

ते सगळं उचललं आणि बाबा त्यांच्या जागी बसले. दुकानात होता तसलाच एक नमुना त्या माणसाने लावला. एक गाडी डावीकडून उजवीकडे जाते. मी सोफ्याच्या मागे, भिंतीला टेकून उभी होते. बाबांना मी दिसत नव्हते.

गाडी गेली. बाबा म्हणाले, “डावीकडून काही येत नाहीये.”

परत लावली. “सगळं उजवीकडूनच येतंय. डावी बाजू बंद आहे तुमची.”

माझ्यापर्यंत गाडी स्वच्छ डावीकडून आली होती, इतकी की सोफ्याचं कापड थरथरलं असं वाटलं. त्या माणसाने वायर तपासली. मागची, पुढची, दोन्ही टोकं. स्पीकरची जाळी काढून म्हणाला, साहेब, हात लावून बघा, पडदा हलतोय. बाबांनी हात लावला नाही. ते म्हणाले, हलत असेल, ऐकू येत नाही. मग ते मामाकडे वळले आणि विचारलं, “तुला येतोय का?”

मामा माझ्यासमोर, सोफ्याच्या दुसऱ्या बाजूला होता. त्याला येत होता. पहिल्या वेळी गाडी आली तेव्हा तो दचकला होता, मी बघितलं होतं. पण पाडव्याच्या दिवशी, बहिणीच्या घरी, बहिणीच्या नवऱ्याने विचारलं होतं.

“भावोजी म्हणतायत तर... थोडा कमी आहे खरा,” मामा म्हणाला.

आई दारात पदराला हात पुसत उभी होती. तिने मामाकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि म्हणाली, “मला मेलीला यातलं काय कळतं? पण हो, जरा मंदच वाटतो.”

तो माणूस एकटा पडला. त्याने रिमोटवरून डावी बाजू वाढवली. बाबा म्हणाले, अजून. त्याने अजून वाढवली. गाडी डावीकडे गरजत आली आणि बाबांच्या पलीकडे पोचेपर्यंत गायब झाल्यासारखी झाली. अजून. आता डावीकडचा स्पीकर ओरडत होता. मामाने डाव्या कानात बोट घातलं आणि वरून मान हलवत राहिला, हो, आता थोडा सुधारतोय. शेजारच्यांनी बेल वाजवली, आई त्यांना पेढे देऊन आली. आणि बाबा सोफ्याच्या टोकाला, त्या ओरडणाऱ्या डब्यापासून दोन हातांवर, कपाळाला आठ्या घालून उजवीकडे कान देऊन बसले होते. त्यांच्याकडे बघितल्यावर मला पहिल्यांदाच दिसलं की ते खोटं बोलत नव्हते. बाजू बंद आहे असं त्यांना खरंच वाटत होतं. किंवा मशीनच बिघडलेलं असावं, अशी त्यांनी मनापासून आशा धरली होती.

शेवटी बाबांनी आवाज बंद करायला लावला. म्हणाले, वायरिंग चुकलंय. तीन वर्षं वाट बघितली त्याचं हे फळ. आजच दुकानाला कळवा, दुसरा माणूस पाठवा. चिडलेले बाबा मोठ्याने बोलत नाहीत, पण त्या दिवशी बोलत होते. स्वतःचा आवाज किती मोठा आहे हे त्यांना कळत नव्हतं.

त्या माणसाने पिशवीतून कामाचा कागद काढला. त्यावर ग्राहकाची सही लागते. तो जमिनीवर बसून लिहायला लागला, मग थांबला आणि खाली बघतच म्हणाला, “साहेब, सामान बदलून देतो म्हणून लिहितो. पण वायरिंगची चूक नका लिहायला लावू. या वर्षातली ही दुसरी होईल. मग मला कामावर पाठवत नाहीत.”

“चूक आहे ती लिहायला नको?” बाबा म्हणाले.

“चूक नाही साहेब. मी प्रत्येक स्पीकर स्वतःच्या कानाने ऐकलाय.”

“मग माझे कान खोटे का?”

मामा रुमालाची घडी घालत होता. आईने नारळाचे तुकडे असलेलं ताट उचललं आणि तिथेच धरून उभी राहिली. त्या माणसाने बाबांकडे बघितलं, आणि बघता बघता त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. आयुष्यभर लोकांच्या घरात आवाज जुळवत आलेला माणूस. त्याला कळलं, असं मला वाटलं. त्याने आधी डाव्या स्पीकरकडे, मग बाबांच्या डाव्या कानाकडे बघितलं, आणि मग मान खाली घालून वायरिंगच्या रकान्यात लिहायला सुरुवात केली. दुसऱ्याच्या घरात, सणाच्या दिवशी, त्या घरच्या माणसाला ते सांगणं त्याचं काम नव्हतं.

ते माझं होतं. चार महिने होतं. मला वाटत होतं की मी बाबांना सांभाळून घेतेय. दुकानात मान वळवली तेव्हाही तेच वाटलं होतं.

“बाबा,” मी म्हटलं.

मामाने वर बघितलं. आईने बघितलं. त्या माणसाचं पेन थांबलं. बाबा तेवढे समोर बघत राहिले. मी त्यांच्या मागे, डाव्या बाजूला उभी होते आणि माझा आवाज तसाही कधी मोठा नसतो. तिघंही आता माझ्याकडून बाबांकडे आणि बाबांकडून माझ्याकडे बघत होते. आईच्या हातातलं ताट हळूहळू तिरकं झालं, एक तुकडा जमिनीवर पडला आणि तिने तो उचलला नाही. तिच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की तिला तिची सगळी वाक्यं एकेक करून आठवत आहेत.

मला वाटलं, आता मी बोलायची गरज उरलेली नाही. पण ज्याला कळायला हवं होतं तो एकटाच राहिला होता, आणि तो कागदावर सही करायला हात पुढे करत होता.

मी सोफ्याला वळसा घालून गेले. भिंत, मग मामा, मग टीव्ही. गुडघ्यांवर बसले, बाबांच्या उजव्या बाजूला, त्यांचा हात आणि तो कागद यांच्या मध्ये. त्यांनी माझ्याकडे बघितलं, दुकानात बघत होते तसं, डोळ्यांत, वाट बघत. या वेळी मी कुठेही नजर वळवली नाही.

“बाबा, स्पीकर चांगला आहे. पहिल्यापासून वाजतोय. तुम्हाला डाव्या कानाने ऐकू येत नाही. दुकानात तुम्ही माझ्याकडे बघून बोट दाखवत होतात, आणि मी दाखवू देत होते.”